चेअरमन बोलत नाहीत

पुण्यात जन्मून, नोकरी करून, निवृत्त होऊनही ज्यांनी कधी कुणाला सल्ला दिला नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते नेमके मांजरी भागातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन होते. मी सेक्रेटरी. म्हणजे त्यांनी न बोललेलं सगळं सहा वर्षं मला बोलावं लागलं. टँकरवाल्याशी भांडायचं मी, लिफ्टवाल्याला दटावायचं मी, आणि रविवारी सकाळी दारात येऊन ‘तुम्हाला चेअरमन आहेत की नाहीत?’ असं कुणी विचारलं तर तेही ऐकून घ्यायचं मीच. घसा आणि उत्साह, दोन्ही त्या पदावर खर्ची पडले.

ते चेअरमन झाले तेही न बोलल्यामुळेच. वार्षिक सभेत ज्याचं नाव पुढे येई तो आपली शुगर, मुलीचं लग्न, गावाकडची कोर्टकचेरी काढत होता. यांचं नाव आलं तेव्हा हे नुसते चष्मा पुसत राहिले. नाही कसं म्हणावं याची मनात जुळवाजुळव चालली होती, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. पण ती पुरी होण्याआधी टाळ्या वाजून गेल्या होत्या.

लिफ्टमध्ये कुणीतरी भेटेल म्हणून ते चार मजले जिन्याने चढत. फोन वाजला की तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत आणि मग ‘काय काम होतं?’ असा मेसेज पाठवत. गणपतीत अध्यक्षीय भाषणाला उभे राहून ‘प्रसाद घेऊन जा’ एवढंच म्हणाले. आमच्याकडे वेळेत संपलेला तो एकमेव कार्यक्रम. एक खोड मात्र मला कधी उमगली नाही. सोसायटीत काही बिनसलं की ते दुपारी चारला एकेका घरी जात, दारात आधी चपला नीट लावत बसत, मग खुर्चीच्या कडेला टेकत, अर्धा कप चहा घेत आणि समोरचा बोलून दमेपर्यंत ऐकत. मला बरोबर नेत. त्या चहांनी मला कायमची ॲसिडिटी जडली.

गेल्या उन्हाळ्यात ‘बी’ विंगचं बोअर आटलं. ‘ए’ विंगच्या बोअरला पाणी होतं, पण आमचं आम्हालाच पुरत नाही, असं ‘ए’ विंगचं म्हणणं. ‘बी’ विंगमध्ये बाळंतिणीच्या घरीही बादल्या मोजून वापरत होते. शेवटी त्यांनी वेगळी सोसायटी काढायचा अर्ज लिहिला. मी चेअरमनना म्हटलं, आता तरी सभेत कडक बोला. ते म्हणाले, आधी सगळ्यांकडे जाऊन येऊ. ‘ए’ विंगची चोवीस घरं फिरलो. त्यांतल्या निदान वीस घरांत एकच ऐकलं: द्यायला हरकत नाही हो, पण बाकीचे तयार होणार नाहीत, आणि माझं नाव कुठे घेऊ नका.

सभेला पार्किंग भरून गेलं. चेअरमन उभे राहिले. “आपण मला घरी जे सांगितलंत तेच इथे सांगावं, एवढीच विनंती,” असं म्हणून खाली बसले. कुणी बोलेना. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढी शांतता पुणेकराला सोसत नाही. त्यांना एकट्यालाच ती सवयीची होती. अखेर ‘ए’ विंगच्या तळमजल्यावरच्या शेखभाभी उठल्या. त्यांच्या यजमानांचं मंडईजवळ दुकान आहे. “मी चेअरमनसाहेबांना घरी हो म्हटलं होतं, इथेही हो म्हणते. द्या पाणी.” मग मागून कुणी ‘आमचीही हरकत नाही’ म्हणालं, मग आणखी एक जण. दहा मिनिटांत पाइप जोडायचा ठराव झाला आणि ‘बी’ विंगने अर्ज मागे घेतला.

मी खुशीत त्यांना घरी सोडायला निघालो. दुसऱ्या मजल्यावर ते पायरीवरच बसले.

“दारात मी चपला नीट लावत बसायचो ना,” ते म्हणाले, “तेव्हा बेल वाजवायचा धीर गोळा करत असायचो. प्रत्येक दाराशी. तुम्ही शेजारी होतात म्हणून निभलं.”

सहा वर्षं मला वाटत होतं, दमतोय तो मी. माझी मलाच लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली. मीही तिथेच बसलो.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा आणून दिला. राहा म्हणावंसं फार वाटलं. पण ती पायरी आठवली आणि मी मुकाट्याने सही केली.