सहा सेकंदांची फुंकर

छातीच्या दवाखान्यात रिपोर्ट पेशंटबरोबर घरी जातात. किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. नाशिकमधल्या अशाच एका दवाखान्यात मी फुफ्फुसांची क्षमता मोजते. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि सांगायचं, "छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात बाहेर फेका. किमान सहा सेकंद!" संगणकावर आलेख उमटतो. आलेखाला कुणाची भीड नसते, म्हणून मला तो माणसांहून विश्वासार्ह वाटतो. होळीनंतर पश्चिमेचे डोंगर पेटू लागतात, धूर शहरापर्यंत उतरतो, आणि मग आमच्याकडे रिपोर्टांइतकेच किस्से जमा होतात.

*

गेल्या उन्हाळ्यातले पहिले मानकरी म्हणजे गंगापूर रोडवरचे एक निवृत्त इंजिनिअर. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारे. एका सकाळी सगळा रस्ता पांढुरका दिसला. "एप्रिलमध्ये धुकं! थेट महाबळेश्वर!" म्हणून ते हरखले. फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि त्या 'धुक्यात' उभं राहून वीस मिनिटं दीर्घ श्वसन केलं. सलग तीन दिवस!

चौथ्या दिवशी ते माझ्या खुर्चीत होते. आलेख पाहून मी विचारलं, "धुक्याला जळक्या गवताचा वास येतो, हे लक्षात आलं नाही?"

"आलं की," ते खोकत म्हणाले. "पण तोवर फोटोला लाइक्स यायला लागले होते."

*

रिसेप्शनवरच्या मंगलताई मूळच्या नामपूरच्या. त्या रोज सकाळी काउंटर पुसतात, फडकं उलटून बघतात आणि जाहीर करतात, "आज खोकल्याची गर्दी!" किंवा "आज निवांत!"

"ही काही मोजण्याची पद्धत नव्हे," मी म्हटलं. त्यांनी फडकं माझ्यासमोर धरलं. "मग तुमच्या पद्धतीनं मोजा ना, ताई!"

मी मोजलं. महिनाभर त्यांचं भाकीत लिहून ठेवलं आणि शेजारी चौकातल्या फलकावरचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा. महिन्याअखेर दोन्ही रकाने समोर ठेवले, तर ते जुळत होते. शेवटी एवढंच सुचवलं, की फडकं रोज सारख्याच आकाराचं असावं.

दुसऱ्या दिवशी मंगलताईंनी एकाच मापाची सहा फडकी शिवून आणली. काठ घालून!

*

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. दम लागलेला, पण डबा कुणाच्या हाती देईनात. डॉक्टरांच्या टेबलावर तो ठेवून त्यांनी झाकण अलगद उचललं.

आत सागाचं एक पान होतं. पूर्ण जळलेलं, तरी पूर्ण शाबूत. राखेचं पान! देठापासून टोकापर्यंत एकेक शीर, शिरेला फुटलेली बारीक शीर, सगळं राखाडी रंगात जसंच्या तसं. "गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. वरून तरंगत आलं नि त्यांच्यावर बसलं," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघं त्या डब्यावर वाकलो. इतकं नाजूक काही मी सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलं नव्हतं. "अद्भुत!" डॉक्टर उद्गारले, आणि त्यांच्या त्या एका शब्दाच्या वाऱ्यानं पान विरून गेलं. डब्याच्या तळाशी चिमूटभर राख.

बाई डॉक्टरांकडे बघत राहिल्या. "तुमच्यानं एका फुंकरीत गेलं. मी पंधरा दिवस छातीत घेऊन फिरतेय, ते कसं काढणार?"

*

आणि मग सुरगाण्याहून लहानूबाबा आले. वय पासष्टच्या पुढे, अंगानं काटकुळे. सोबत मुलगी कमळ. गावामागचा डोंगर पेटला, तेव्हा बाबा हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायला वर गेले होते. संध्याकाळी चार जणांनी त्यांना खाली उचलून आणलं.

"पळून का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पानी उताराला पळतं, साहेब. वणवा चढाला पळतो. मी व्हतो वर." बाबा शांतपणे म्हणाले. "अख्खा डोंगर उभा राह्यला नि माझ्याकडं चालत आला. लय मोठा दिसत व्हता. मी बघतच राह्यलो."

मी चिमटा लावला, नळी दिली. सहा सेकंद दूरच. तिसऱ्या सेकंदाला खोकल्याची उबळ आली. अपेक्षित क्षमतेच्या जेमतेम निम्मा आकडा!

बाबांना आकड्याचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. त्यात भोपळ्याची आणि बांबूची, आत बारीक पात्या असलेली पावरी फुंकून वाजवतात, तिच्यावर सगळे नाचतात. "पावरी थांबली तर नाच थांबतो. मला वाजवता येल का?"

"दुसरं कुणी नाही?"

"दोघं शिकले होते," कमळ म्हणाली. "दोघंबी द्राक्षाच्या कामाला बाहेर."

डॉक्टरांनी औषधं लिहिली आणि बजावलं, "दिवाळीपर्यंत पावरीला तोंड लावायचं नाही. दिवाळीनंतर ताई चाचणी घेतील. तेव्हा ठरवू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या डोंगराकडे बघावं, तसं.

*

दिवाळीनंतर ते आले. खोकला नव्हता. खांद्याला पांढऱ्या कापडात बांधलेली लांबलचक वस्तू होती. मी तीनदा चाचणी घेतली. आकडा वाढला होता, पण पुरेसा नाही. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"नाकाला चिमटा लावून कोन पावरी वाजवतं?" बाबा म्हणाले. "तो काढा नि मंग बघा."

चिमट्याशिवायची चाचणी अमान्य असते, हे मी दोनदा समजावलं. मग, कमळच्या चेहऱ्याकडे पाहून, चिमटा काढला.

बाबांनी नळी ओठांत धरली. आलेख वर गेला आणि तिथून आडवा निघाला. सहा सेकंद. दहा. वीस! रेघ खाली येईना. गाल फुगलेले, नाकपुड्या मात्र हलत होत्या. अखेर संगणकानंच हात टेकले आणि 'चाचणी अमान्य' असं लाल अक्षरांत दाखवलं.

"बाबा, तुम्ही गालातली हवा फुंकत मधेच नाकानं श्वास घेताय!"

"मग काय मरू?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. "कापड सोडा. वाजवा बघू."

आमच्या बाहेरच्या खोलीत कायम कुणी ना कुणी खोकत असतं. बाबा तिथल्या बाकावर बसले आणि पावरी ओठांना लावली. आवाज कानांआधी पायांखालच्या फरशीतून आला. जाड, घुमणारा, कुठेही न तुटणारा. पाण्याच्या फिल्टरवरचा स्टीलचा पेला थरथरू लागला. तपासणीसाठी आलेले इंजिनिअर हातात मोबाइल धरून उभे राहिले. फोटो काढायचं विसरले. मंगलताईंचं फडकं काउंटरवर थबकलं. भिंतीवरच्या घड्याळानुसार अकरा मिनिटं त्या खोलीत कुणीही खोकलं नाही. मी काटा पाहत होते, म्हणून खात्रीनं सांगते.

आवाज थांबला. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कमळच्या हाती दिल्या. "वाजवू द्या त्यांना."

बाबा पावरी उलटी करून तिच्यात डोकावत होते.

"आजून वाजवली कुटं?" ते म्हणाले. "आतल्या पात्या मोकळ्या करत व्हतो. सुरू करू का आता?"