नातीला पाण्यात सोडणारी आजी

बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, त्यानंतर बरीच कुटुंबं मजुरीसाठी बुलढाण्यात आली. उन्हाळ्यात त्यांची लेकरं जलतरण तलावावर येत. मी तिथलं पाणी तपासायचो. बुलढाण्यातलीच एक आजी रोज नातीला आणायची आणि पोहून झालं की पदराने तिचे केस पुसायची.

एकदा पाण्याच्या नमुन्यात विष्ठेतले जंतू सापडले. तलाव बंद केला, तसे फाटकाशी जमलेले पालक मजुरांच्या लेकरांना दोष देऊ लागले. जंतू कुणामुळे आले हे नमुन्यातून कळत नाही, हे ठाऊक असूनही मी नुसता ऐकत उभा होतो.

आजी पुढे आली. "त्या लेकरायले काऊन बोलून राह्यले? माह्या नातीले हगवण लागली होती. थे लय रडली, म्हनून म्याच तिले पान्यात सोडलं."

तिने मान खाली घातली.

तलाव पुन्हा उघडला, तेव्हा दोष देणारे सगळे पालक आपापली मुलं घेऊन आले. आजी आली नाही. तिचं घर कुठे, हे विचारायचीही मला लाज वाटली.