मुखपृष्ठावर नसलेला बॉल

आमच्या घरात फुटबॉल कुणी खेळत नव्हतं. विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीत मुलं क्रिकेटच खेळायची आणि माझ्या मुलीला फिल्डिंगला उभी करायची. तरी एक अख्खा उन्हाळा आमच्या दोन खोल्यांत फुटबॉलशिवाय दुसरा विषय नव्हता, कारण ह्यांना मुलांच्या फुटबॉल मासिकाचं काम मिळालं होतं.

हे शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात आर्टिस्ट होते. पुस्तकांची कव्हरं, लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं, सगळं हातानं काढायचे. मग मालकांनी कॉम्प्युटर आणले आणि ह्यांना म्हणाले, "शिकून घ्या, नाहीतर बघा काय ते." हे शिकायला गेले, पण थोड्याच दिवसांत सोडून आले. म्हणाले, "त्या माउसवर ठेवला की माझा हात माझा राहत नाही." मग मालकांनीच काय ते बघितलं. हे घरी बसले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. ते मला जास्त बघवत नसे.

मासिकाचं काम घेऊन आले ते एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर. सदाशिव पेठेत राहायचे. कॉटवर बसून म्हणाले, "आजकाल पोरं केबलवर परदेशातल्या मॅच बघतात आणि सकाळी मला खेळाडूंची नावं ऐकवतात. पण आलेला बॉल पायाने थांबवायचा कसा, ते एकालाही येत नाही. त्यांच्यासाठी मासिक काढायचंय. मराठीत."

मी कुणासमोर यायची नाही. चहाचा कप पडद्याआडून हात लांब करून ह्यांच्याकडे दिला. सर म्हणाले, "वहिनी, चहा दिसला. तुम्ही नाही दिसलात." मी आत तोंडाला पदर लावून हसले.

जाताना सर दारात थांबले. "आर्टिस्ट, पहिला अंक बघू. बरा निघाला तर वर्षभर तुम्हीच." त्या एका वाक्यानं ह्यांच्या चालण्यात फरक पडला. चपला घालतानासुद्धा गुणगुणायचे.

तेव्हा पानं घरीच बांधता यायची. मजकूर चकचकीत कागदाच्या लांब पट्ट्यांवर यायचा. त्या कापायच्या आणि जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर रबर सोल्यूशनने चिकटवायच्या. मग पुठ्ठ्याचा फोटो निघून निगेटिव्ह व्हायची आणि तिच्यावरून छपाई. मी कापायची, हे चिकटवायचे. त्या सोल्यूशनचा वास आमच्या भाताला यायचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा झाला. पान तयार झालं की हे ते माझ्यासमोर धरायचे. "वाच. आपला वाचक चौथी-पाचवीतलाच आहे." मी अडखळले की अक्षर मोठं व्हायचं, नाहीतर सरांना निरोप जायचा की वाक्य तोडा. ऑफसाइडच्या नियमाचं पान मला काही केल्या कळेना. तेव्हा ह्यांनी जेवता जेवता फरशीवर वाट्या आणि चमचे मांडले. वाट्या एका बाजूच्या, चमचे दुसऱ्या बाजूचे, आणि एक बटाटा. मला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पान तसंच काढलं, वाट्या-चमच्यांचं. सर बघून म्हणाले, "मी जन्मभर मैदानावर घसा फोडला, आणि तुम्ही वाट्यांवर उरकलंत."

मुखपृष्ठावर आमची मुलगी होती. म्हणजे बॉल मारणारी एक मुलगी, पण ह्यांनी तिला गच्चीवर एका पायावर उभी करून ते चित्र काढलं होतं.

"बाबा, पाय दुखला."

"खेळाडूचा दुखत नाही."

"मी खेळाडू नाहीये. मी फिल्डिंग करते."

बॉल ह्यांनी वेगळा काढला. कंपासने मोठा गोल आखून त्यातले काळे-पांढरे तुकडे एकेक मोजूनमापून भरले. मग निगेटिव्हवाल्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावरून तो लिंबाएवढा लहान करून आणला. मी नखं कापायच्या कात्रीने तो गोल कापला. ह्यांनी चिकटवला, लांब उभं राहून बघितला आणि काढला. पुन्हा चिकटवला. "केसभर वर हवा," म्हणाले. असे किती वेळा तरी केसभर वर, केसभर खाली झाले. ह्यांचा स्वभावच तसा. हातातून काम सुटायचं नाही.

ह्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. ब्लेड, पट्टी, सोल्यूशन, सगळं त्यात. पान बांधताना एखादा तुकडा उचलून बाजूला ठेवावा लागला की हे तो डब्याच्या झाकणाला आतून लावून ठेवायचे. वाऱ्यानं उडायला नको, हरवायला नको. शाळांच्या स्पर्धेच्या दिवशी मैदानावरच अंक निघायचा होता, म्हणून शेवटी घाई झाली. छापून आलेलं पान तपासायलाही वेळ नव्हता. हे पुठ्ठा आणि डबा घेऊन स्कूटरवर शनिवार पेठेत निगेटिव्हवाल्याकडे गेले. संध्याकाळी घरी आले ते खुशीत.

"दुकानाच्या बाहेर स्कूटरच्या सीटवर शेवटचा हात मारला," म्हणाले. "वरून निगेटिव्हवाला ओरडत होता, आता बंद करतो म्हणून. म्हटलं, एक मिनिट. आत्ता बसला बॉल जागेवर."

स्पर्धेच्या दिवशी मीही गेले होते. चांगली साडी नेसून झाडाखाली मागे उभी होते. छापखान्यातून गठ्ठे थेट मैदानावर आले. सरांनी सुतळी तोडली, वरचा अंक उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

मग म्हणाले, "वा. अंक फुटबॉलचा, आणि बॉल ज्याचा त्याने घरून आणायचा."

चित्रात बॉल नव्हता. मुलगी होती, उचललेला पाय होता, उडालेल्या वेण्या होत्या आणि पायापुढे कोरी जागा होती. निगेटिव्हवाल्याला नंतर विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं, मॉडर्न काहीतरी आहे."

आमची मुलगी अंक घेऊन ह्यांच्याकडे धावत आली. "बाबा, मी कशाला लाथ मारतेय?"

ह्यांनी तिच्या हातातून अंक घेतला, पालथा केला आणि परत तिच्या हातात दिला.

घरी आल्यावर मी भीत भीत विचारलं, "अहो, डबा बघितलात का?"

"डबा कशाला बघू? लावला होता मी. वाटेत कुठेतरी निघाला असेल."

"एकदा झाकण..."

"लावला होता म्हटलं ना!"

एवढ्या वरच्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग त्यांनीच डब्याला सुतळी बांधली, स्टुलावर चढले आणि डबा माळ्यावर मागे सरकवून ठेवला. "त्याला हात लावू नकोस." मी लावला नाही. उघडला असता आणि बॉल आत निघाला असता, तर ह्यांना तोंड लपवायला घरात तिसरी खोली नव्हती.

दुसऱ्या अंकापासून मासिक सदाशिव पेठेत कॉम्प्युटरवर व्हायला लागलं. सर ते सांगायला स्वतः आले. चहा घेतला नाही.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले. हातात पहिल्याच अंकाच्या प्रती होत्या. मुलांनी कोऱ्या जागेत आपापला बॉल काढला होता. कुणी लाल, कुणी चेहरा असलेला, एकीने चंद्र. सर म्हणाले, "बघा आर्टिस्ट, तुमचं राहिलेलं काम माझ्या पोरांनी पुरं केलं." ते प्रेमानंच म्हणाले होते. मला पडद्याआडूनही ते कळलं. ह्यांना फक्त टोमणा ऐकू आला. "ठेवा तिथे," म्हणाले. सर गेल्यावर प्रती मी उचलल्या. ह्यांनी त्या कधीच बघितल्या नाहीत.

पुढे हे एका कंपनीच्या गेटवर बसायला लागले. काचेची मोठी इमारत होती. आत जाणाऱ्या माणसाला पास लिहून द्यायचा, एवढंच काम. लोक म्हणायचे, पासवर किती सुंदर अक्षर आहे. तरी घरी ह्यांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही. मुलगी शिकली, तशाच एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. ते ह्यांनी बघितलं, तेवढं एक बरं झालं. मग एका सकाळी दाढी करतानाच हे गेले.

वर्षश्राद्धानंतर मुलगी माळा आवरत होती. "आई, हा डबा?" मी खाली ये म्हटलं. सुतळी मी सोडली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, ते तिने चमच्याने उचकटलं.

बॉल झाकणाला आतून लावलेला होता. कडेने जरासा पिवळा पडला होता. मी कापला तेवढाच गोल.

मुलीने झाकण उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. पण माहीत नसतं, तर इतकी पक्की गाठ मारली नसती.

तिने कपाटातून अंक काढून आणला. "लावून बघूया?" मी नको म्हटलं. बॉल केसभर वर हवा होता, एवढंच मला माहीत होतं. कुठून केसभर, ते हे सांगून गेले नव्हते. आणि तो हरवू नये म्हणूनच तर त्यांनी तिथे लावून ठेवला होता. मी झाकण लावलं आणि डबा माळ्यावर न ठेवता माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवला.