बाबांचा नंबर

अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांत पुढे बाबांचे रेल्वेतले मित्र, आमचे काका. स्वतः चिकटले ते रिटायर होईपर्यंत एकाच खुर्चीला, पण नोकरी कशी शोधावी हे मला तेच शिकवणार. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं?

"पोरीच्या जातीनं आपला नंबर नाही द्यायचा," माझा रेझ्युमे बघून ते म्हणाले. "कोणीही फोन करते मग. बाबांचा टाक."

बाबांनी मान डोलावली. मी बाबांचा नंबर टाकला.

भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याचे दर आणि मालाची मागणी यांचा अभ्यास करायला कोणीतरी हवं होतं. इंटरव्ह्यू छान झाला. ते काम मला मनापासून हवं होतं. पुस्तकात घोकलेली मागणी तिथे डोळ्यांसमोर ट्रकमध्ये चढत होती. पण फोन काही येईना. आपल्यातच काही कमी असणार, असं मी धरून चालले.

मग एकदा काका चहाला आले. मी आत चहा गाळत होते. बाहेर बाबा सहज सांगत होते, "भनपुरीहून फोन आला होता. सांगून टाकलं, पोट्टी पीएससीची तयारी करून राहिली. त्या ट्रकवाल्यांत कुठं पाठवू तिले?"

"हव, बरोबर केलं," काका म्हणाले.

डोक्यात तिडीक गेली. गाळणी तशीच आपटून मी बाहेर आले. "मले काहून नाही विचारलं?"

"तुह्या भल्यासाठीच केलं ना."

भलं म्हणे! दुसऱ्या दिवशी भनपुरी गाठली, तर जागा भरलेली. पुढे शंकर नगरातल्या एका ऑफिसात लागले, स्वतःचा नंबर टाकून. काम बरं आहे. राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा काका नातीला घेऊन आले. तीही अर्थशास्त्राचीच, नुकतीच पास झालेली, शाळेपासून हिंदीतच बोलणारी.

"हिले जरा सल्ला दे."

"दीदी, कहीं से कॉल ही नहीं आता," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी तिचा रेझ्युमे हातात घेतला. वर नंबर काकांचा. मी पेन काढून तो खोडला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "तुझा लिही."

मग विचारलं, "काका, कुठून कुठून फोन आले होते हिच्यासाठी?"

काका लगेच उठून चपला शोधू लागले. नातीनं लिहिता लिहिता मान वर केली.

"आजोबा, कॉल आया था क्या?"