करड्या पट्टीखालची चार मिनिटं

पलासियातल्या आमच्या ऑफिसात रेकॉर्डिंग एकटीनं ऐकायचं नाही, असा मॅडमचा दंडक होता. बाळंतपणात मूल गमावलेल्या बायकांच्या मुलाखती आम्ही संशोधनासाठी घेत असू. इयरफोनचा एक कान मॅडमचा, दुसरा माझा. जड भाग आला की त्या मशीन थांबवून म्हणायच्या, "चल, पहले पोहे!" खाली जाऊन शेव आणि झणझणीत जिरावण मसाला घातलेले पोहे खायचे, दोघींनी नाकं पुसायची, रडण्यामुळे की जिरावणामुळे, हे विचारायचं नाही. काम मुंगीच्या पावलांनी व्हायचं. ते दिवस मला फार आठवतात.

आता मॅडम निवृत्त होऊन शहराबाहेर राऊला राहतात. मुलाखत दुसरंच कोणी घेऊन येतं; ती आधी एआय ऐकतं, लिहून काढतं आणि जिवाला लागेल तो भाग करड्या पट्टीनं झाकून वर एका ओळीत सार देतं. पट्टी उघडायची की नाही, आपली मर्जी. उगाच नावं ठेवणार नाही. त्याच्यामुळेच मला धड झोप लागायला लागली.

एक रीत मात्र अजून आहे. लिहिलेलं त्या बाईला वाचून दाखवायचं, तिनं हो म्हटलं तरच वापरायचं. मागच्या वर्षी अशीच सियागंजजवळच्या एका आईकडे गेले. तिच्या पट्टीवर होतं, 'आई मृत बाळाचं वर्णन करते. चार मिनिटं. तीव्र दुःख.' त्या भागाचं मी तेवढंच वाचलं होतं, तेवढंच वाचून दाखवलं.

"और बाल?" ती म्हणाली. "त्याचे केस कसे होते, मी सांगितलं होतं ना, ताई. घरात कोणी त्याची बात पण काढू देत नाही. तुम्ही ऐकलं ना?"

"हो, ऐकलं," मी चक्क खोटं बोलले.

ऑफिसात येऊन पट्टी उघडली. ती रडत नव्हतीच. शेवटी जरा आवाज कापरा झाला तेवढाच. बाकी सगळा वेळ ती बाळाच्या जावळाचं कौतुक सांगत होती, मधूनच हसतही होती. मशीनला काय बोलणार? पट्टी मीच उघडली नव्हती. मला माझीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी परत गेले. "काल खोटं बोलले. आता ऐकलंय," म्हटलं.

ती रागावली नाही. "तो बताओ, कसे होते?"

"काळेभोर. कानांवर आलेले. डावीकडे भोवरा."

तिनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. "एक बार और सांगा ना," म्हणाली.