भंवरजींची हार

भंवरजी स्वतःचं दुखणं कधीच आधी सांगत नसत. बनी पार्कातल्या माझ्या दवाखान्यासमोर त्यांची जीप थांबली, की आतून कानोत्याकडचं निम्मं गाव उतरायचं. सगळ्यांचं दाखवून झालं, की शेवटी हे मनगट पुढे करत. "म्हारो तो कुछ कोनी, बाईसा. आप कहो तो देख लो."

मोहरीच्या तेलाचे हे व्यापारी कित्येक वर्षं गावचे सरपंचही होते. माणूस लोभस, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही. मी साताऱ्याची, माझ्या हिंदीची ते यथेच्छ थट्टा करत आणि मी त्यांच्या मिशांची.

ऐंशीच्या दशकातल्या एका निवडणुकीआधी त्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. मी खडसावलं, "तेल विका, पण सरपंचकी सोडा. जिवावर बेतेल." कुणी अवेळी भांडण घेऊन आलं तरी हे उठून बसायचे. "किवाड बंद करूं तो पगडी किण काम की?" माघार घेणं म्हणजे त्यांच्या लेखी पगडी उतरवणंच. लढून हरण्यात मात्र कमीपणा नव्हता.

त्यांच्या बायकोनं, सुगनीबाईंनी, ही गोम बरोबर हेरली. घुंघटाआडून त्यांनी मला विचारलं, "बाईसा, हार जावै तो बच जावै?" मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

गावात पुरुष सांगतील तिथं बायकांनी, त्यांच्या बोलीत लुगायांनी, शिक्का मारायचा, असा रिवाज. त्यामुळे भंवरजींनी बायकांकडे मतं मागितलीच नाहीत. ती घरचीच होती ना!

ते हरल्याचं कळलं, तेव्हा हा धक्का त्यांच्या हृदयाला झेपेल का, अशी शंका आली. बॅग घेऊन मी गाव गाठलं. बघते तर स्वारी खाटेवर बसून बाजरीची भाकरी हाणतेय! नवा सरपंच पाया पडायला आला होता, त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं साफा बांधून दिला होता. मग दारातली सगळी गर्दी त्याच्यामागे निघून गेली. मी नाडी पाहिली. ठीक होती. मला अगदी हुश्श झालं.

त्यानंतर भंवरजी पुष्कळ वर्षं जगले. मला मात्र आठवते ती तीच संध्याकाळ. सुगनीबाई हसत हसत ताक आणायला आत गेल्या, तसे ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "लुगायां का वोट कुण फिराया, मने मालूम छै. पण सुगनी ने मत कहज्यो, बाईसा. बापडी घणा दिनां पाछै हांसी छै."