पारूचे दोन शिंपले

खड्ड्यात उतरायच्या आधी गयाबाई वहाणा काढून ठेवायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट. नेवासे तालुक्यात, प्रवरेकाठच्या एका जुन्या पांढरीवर, म्हणजे उजाड गावठाणाच्या टेकाडावर, आमचं उत्खनन चाललं होतं. खाली काटे, खापरांचे धारदार तुकडे. पण बाई अनवाणी. विचारलं की म्हणायची, "कुनाचं तरी घर हाय ह्ये, दादा. पायतान घालून कसं शिरायचं?" मी नुकताच शिकून आलेला साहाय्यक, मला हसू यायचं. खरं तर माझ्या पुस्तकांपेक्षा तिच्या खुरप्याला माती जास्त कळत होती.

या भाविकपणानंच घात केला. एका घराच्या जमिनीत चूल सापडली, आत कोळसा तसाच. कोळशातल्या कार्बनवरून घराचा काळ ठरवता येतो, म्हणून आम्ही हरखलो. दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार, काम बंद. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर चूल लख्ख, वर शेणाचं सारवण! कोळसा गयाबाईनं नदीत सोडला होता. "चूल उष्टी ठिवू न्हाई," ती कौतुकानं सांगत होती, "किती वरसं तशीच पडली हुती बिचारी." सगळ्या बायांदेखत मी तिला नाही नाही ते बोललो. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मग त्याच घराच्या जमिनीवर सापडलेले नदीचे शिंपले प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं ते खापरांच्या घडणीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी जुनं. आमचे सर कपाळाला हात लावून बसले. झाड हवेतला कार्बन घेतं. शिंपला पाण्यातला घेतो, आणि पांढरीखालच्या आमच्या डोहाच्या पाण्यात चुनखडी विरघळलेली. वय मोजतात ते कार्बनच्या उरलेल्या किरणोत्सारावरून, आणि चुनखडीतला तो कधीच संपलेला. म्हणजे शिंपला जन्मतःच म्हातारा! पण किती? ते कळायला त्याच डोहातला, साल माहीत असलेला शिंपला हवा होता. तोही अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवापाणी बिघडवायच्या आधीचा. तसा मिळाला नाही तर दोन वर्षांचं काम फुकट. असला शिंपला कोण कशाला जपून ठेवील?

सरांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गयाबाईनं पदराची गाठ सोडून दोन शिंपले पुढं केले. "सवराज्य आलं त्या साली ह्याच डोहातनं मालकांनी काढल्यात. आमची पारू झाली हुती तवा. एकानं दूध पाजायची, एकानं गुटी." पारू दीड वर्षाची व्हायच्या आत गेली होती. त्यानंतर गयाबाईला मूल झालं नाही.

"बाई, हे परत मिळायचे नाहीत," सर म्हणाले. "आम्लात विरघळवतात." एक तरी ठेवून घे, असं मी म्हटलं, पण दोन्ही मिळूनच नमुना जेमतेम पुरणार होता. तिनं ते पदरानं पुसले, पुन्हा पुसले. "चूक माझ्या हातची हाय. न्या," म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच, "दादा, तिचं नाव कुटंच लिवलेलं न्हाई. दाखला न्हाई, शाळा न्हाई. तुमच्या कागदात तेवढं लिवा." मी नमुन्याच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'पारू' लिहिलं; चिठ्ठीवरचं नावच पुढं अहवालात छापून यायचं होतं.

निकाल आला. डोहानं शिंपल्याच्या वयात चारेकशे वर्षं वाढवली होती. तेवढी वजा केली आणि घराचा काळ खापरांशी जुळला. सरांनी पेढे वाटले. मी गयाबाईला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "चारशे वरसं? दीड वरीस बी पुरतं जगली न्हाई ती." पेढा तिनं हातातच धरून ठेवला.

अहवाल छापून आला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मी प्रत घेऊन गेलो. वाटेत तक्त्याचं पान उघडून पाहिलं. चिठ्ठीवरचं नाव कुणीतरी गाळलं होतं. तक्त्यात नुसता नमुन्याचा आकडा होता.

"कुटं हाय?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं आणि वाचलं, "पारू."

ती बोट फिरवत राहिली. "लई सुरेक लिवलंय, दादा," ती म्हणाली.